स्वयंपाकाच्या खेळातील जाहिरातीवर ‘जाहिरात’ असे लिहिले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या हातातील मोबाइलविषयी आपल्या वृत्तपत्रात वेळोवेळी लिहिले जाते आणि ते आवश्यकही आहे. डोळ्यांवरचा ताण, अभ्यासाचा खोळंबा, रात्रीचे जागरण असे अनेक विषय त्या निमित्ताने येऊन गेले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्ध तर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतंत्र कायदाच केला. या सगळ्या चर्चेत एक प्रकार मात्र कोणाच्या नजरेत भरत नाही, कारण तो दिसायला अगदी सोज्वळ आहे. त्यात बंदूक नाही, जुगार नाही, मारामारी नाही. मूल पडद्यावर भाजी चिरते, चकतीवर सारण पसरते, गिऱ्हाईक खूश होते आणि तारे मिळतात. ‘निदान स्वयंपाकाचा खेळ तरी खेळतोय’ असे म्हणून आईवडील समाधान मानतात. पण हा खेळ एखाद्या खाद्यपदार्थ कंपनीने आपला माल खपवण्यासाठी तयार केलेला असेल, तर तो जाहिरात आहे आणि जाहिरातीला लागू असलेले सर्व नियम त्यालाही लागू झाले पाहिजेत, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेते. चिपोटले ही अमेरिकेतील मेक्सिकन धाटणीचे पदार्थ विकणारी मोठी उपाहारगृह-साखळी आहे. तिचे पहिले दुकान १९९३ मध्ये कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात निघाले. एप्रिल २०२२ मध्ये, तिकडे साजऱ्या होणाऱ्या ‘बरिटो दिना’चे (बरिटो म्हणजे टॉर्टिया या पातळ पोळीत सारण गुंडाळून केलेला पदार्थ) निमित्त साधून, या कंपनीने रोब्लॉक्स या खेळांच्या व्यासपीठावर ‘बरिटो बिल्डर’ नावाचा खेळ आणला. त्याचे नेपथ्य डेन्व्हरच्या त्या पहिल्या दुकानावर बेतलेले आणि नव्वदच्या दशकाच्या थाटाचे होते. खेळणाऱ्याने दुकानातील कामगाराची जागा घ्यायची, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे टॉर्टियावर एकेक जिन्नस घालायचा आणि शेवटी त्याची नीट गुंडाळी करायची. गुंडाळी जमली की ‘बरिटो बक्स’ हे खेळातले चलन मिळे. पहिल्या १,००,००० यशस्वी खेळाडूंना या चलनाच्या बदल्यात एक कोड मिळणार होता आणि तो कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर टाकला की खराखुरा पदार्थ घेता येणार होता. रोब्लॉक्सवरच्या खेळातील चलन देऊन प्रत्यक्ष वस्तू घेऊ देणारा आपण पहिलाच ब्रँड आहोत, असे कंपनीने त्या वेळी जाहीरही केले होते.

या मांडणीकडे जरा बारकाईने पाहावे, अशी विनंती आहे. चिपोटलेच्या दुकानात गिऱ्हाईक काचेपलीकडे मांडलेल्या जिन्नसांसमोरून पुढे सरकत जाते आणि भात, घेवडा, मांस, साल्सा असे सांगत आपला बरिटो भरून घेते. खेळात मूल काचेच्या आतल्या बाजूला उभे राहून तीच रांग पुन:पुन्हा गिरवते. काही फेऱ्यांनंतर त्याला त्या दुकानाचा मेन्यू तोंडपाठ होतो. बक्षीस मिळवण्यासाठी त्याला, किंवा त्याच्या वतीने घरातील मोठ्या माणसाला, कंपनीच्या अ‍ॅपवर जावे लागते, म्हणजे मागणी नोंदवण्याची वाटही पायाखालची होते. या सगळ्यात मूल शिकले काय, असा प्रश्न मी स्वतःला विचारला, तेव्हा उत्तर आले की ते पदार्थ करायला शिकले नाही, तो मागवायला शिकले. दूरचित्रवाणीवरची जाहिरात अर्ध्या मिनिटात संपते आणि ती चालू असताना मूल उठून पाणी प्यायला जाऊ शकते. येथे जाहिरात मुलाच्याच बोटांनी पुढे सरकते, तो थांबला तर तीही थांबते, म्हणून तो थांबत नाही.

रोब्लॉक्स हे व्यासपीठ २००६ मध्ये सुरू झाले आणि हा खेळ आला त्या सुमारास त्यावरच्या खेळाडूंमध्ये तेरा वर्षांखालील मुलांचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. त्यामुळे ‘हा खेळ सर्वांसाठी होता, मुलांसाठी नव्हे’ हा बचाव टिकत नाही. त्याच एप्रिल महिन्यात ‘ट्रुथ इन अ‍ॅडव्हर्टायझिंग’ या तेथील ग्राहकहितासाठी काम करणाऱ्या संस्थेने रोब्लॉक्सवरील अशा जाहिरातवजा खेळांविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशन या तेथील सरकारी व्यापार आयोगाकडे तक्रार दाखल केली. खेळ कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते हे लहान मुलांना कळत नाही, आणि ते कळावे अशी व्यवस्थाही नाही, असा त्या तक्रारीचा रोख होता. माझेही म्हणणे नेमके तेच आहे.

हा प्रकार काल-परवाचा नाही, हेही वाचकांना ठाऊक असावे. १९८३ मध्ये अमेरिकेत ‘कूल-एड मॅन’ नावाचा व्हिडिओ गेम निघाला. कूल-एड म्हणजे पाण्यात कालवून सरबत करण्याची पूड. पुडीवर छापलेल्या गुणांचे तुकडे कापून, साठवून, टपालाने कंपनीकडे पाठवले की गेम मिळे, म्हणजे तसा गेम हवा असेल तर आधी पुड्या रिकाम्या व्हायला हव्यात. बर्गर किंग या साखळीने २००६ च्या नाताळाच्या हंगामात एक्सबॉक्स या गेम खेळण्याच्या यंत्रासाठी तीन गेम काढले आणि जेवणाबरोबर प्रत्येकी ३.९९ डॉलरला विकले. त्यांच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. लोकांनी जाहिरातीसाठी स्वतःच्या खिशातून पैसे मोजले, अशी ही कदाचित सर्वांत मोठी घटना असेल.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ‘टॅपर’चे उदाहरण. हाही खेळ १९८३ चा, बॅली मिडवे या कंपनीचा, नाणे टाकून मोठ्या यंत्रावर खेळायचा. त्यात खेळणाऱ्याने दारूच्या गुत्त्यात उभे राहून गिऱ्हाइकांकडे बिअरचे मग सरकवायचे असतात. यंत्रावर आणि पडद्यावर बडवायझर या बिअरचे बोधचिन्ह होते आणि यंत्राची मूठसुद्धा बिअरच्या नळासारखी होती. हे यंत्र मद्यालयांसाठी काढलेले होते. पुढे ते मुले जातात त्या खेळघरांत ठेवायचे ठरले, तेव्हा अल्पवयीन मुलांना मद्याची जाहिरात दाखवल्याचा आक्षेप येईल हे लक्षात घेऊन १९८४ मध्ये ‘रूट बिअर टॅपर’ ही मद्यार्क नसलेल्या पेयाची आवृत्ती काढण्यात आली. खेळ तोच, पेले तेच, सरकवणे तेच. बदलले ते फक्त पेय आणि चिन्ह. याचा अर्थ असा की खेळात दिसणारे ब्रँडचे चिन्ह ही जाहिरातच असते, ही गोष्ट या व्यवसायाने चाळीस वर्षांपूर्वी स्वतःहून मान्य केलेली आहे. मद्याच्या बाबतीत जे मान्य झाले ते साखर, मीठ आणि तेल यांनी भरलेल्या खाण्याच्या बाबतीत मान्य करायला इतका वेळ का लागावा?

आता परिणामांविषयी. अमेरिकेतील कायझर फॅमिली फाउंडेशनने २००६ मध्ये खाद्यपदार्थ कंपन्यांच्या ७७ संकेतस्थळांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यांपैकी ७३ टक्के संकेतस्थळांवर असे जाहिरातवजा खेळ होते आणि खेळांची एकूण संख्या ५४६ भरली होती. तेव्हा स्मार्टफोन मुलांच्या हातात आलेला नव्हता. त्याहून विचारात टाकणारा अभ्यास नेदरलँड्समधील आहे. फ्रान्स फोकव्होर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ ते दहा वर्षांच्या २७० मुलांना वेगवेगळ्या गटांत विभागले. एका गटाला जास्त उष्मांकाच्या खाऊची जाहिरात करणारा खेळ दिला, दुसऱ्याला फळांची जाहिरात करणारा, तिसऱ्याला खेळण्यांची, आणि एका गटाला काहीच खेळायला दिले नाही. त्यानंतर मुलांसमोर खाऊ आणि फळे ठेवली. खाण्याची जाहिरात करणारे खेळ खेळलेल्या मुलांनी इतर मुलांपेक्षा जास्त खाल्ले, आणि वाढ झाली ती मुख्यतः गोड व चरबीयुक्त खाऊच्या खाण्यात. फळांचा खेळ खेळलेली मुलेसुद्धा फळांकडे वळली नाहीत. त्यांचाही हात खाऊकडेच गेला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आमचा खेळ पौष्टिक पदार्थांचा आहे, त्याने मुलांना चांगल्या सवयी लागतील’ असे एखादी कंपनी शाळेत येऊन सांगू लागली, तर मुख्याध्यापकांनी हा निष्कर्ष आठवावा.

लहान मुलाला जाहिरातीमागचा हेतू कळत नाही, हे मानसशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कृतिदलाने २००४ मध्येच असे नमूद केले होते की सात-आठ वर्षांपर्यंतचे मूल जाहिरातीतील विधान खरे आणि नि:पक्षपाती मानते. समोरचा आपल्याला काही विकू पाहत आहे हा विचार त्याच्या मनात येत नाही. दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत निदान संगीत बदलते, कार्यक्रम थांबतो, मोठी माणसे ‘जाहिरात लागली’ असे म्हणतात, आणि हळूहळू मूल ती ओळखायला शिकते. खेळात यातले काहीच घडत नाही. आठ वर्षांपुढच्या मुलालासुद्धा तिथे जाहिरात ओळखण्यासाठी कोणतीही खूण सापडत नाही.

मी शाळेत शिकवते. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही सहावीच्या मुलांकडून विस्तव न लागणारे पदार्थ करून घेतो. त्यात काकडीची कोशिंबीर असते. गेल्या वर्षी वर्गातील एक मुलगा मोठ्या उत्साहाने पुढे आला. एका कंपनीच्या खेळात आपण वरच्या पातळीवर पोहोचलो आहोत, आपल्याला सगळे येते, असे त्याने सांगितले. मी त्याच्या हातात काकडी दिली. त्याने ती सरळ चोचवायला घेतली. देठाकडचा तुकडा कापून तो कापलेल्या जागेवर गोल घासायचा, पांढरा फेस येऊ द्यायचा, तो धुऊन टाकायचा आणि मग एक चकती तोंडात टाकून चव पाहायची, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. मी चव पाहायला सांगितली. काकडी कडू निघाली. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “बाई, काकडी कडूपण असते?” त्याच्या खेळात काकडी कधीच कडू नसते. तिथे टोमॅटो पिलपिलीत नसतो, दाण्याच्या कुटाला खवट वास येत नाही, दही आंबून गेलेले नसते, कारण तिथला प्रत्येक जिन्नस कंपनीचा असतो आणि कंपनीचा जिन्नस खराब दाखवता येत नाही. त्या मुलाचा यात काडीचाही दोष नाही. दुसरी काकडी घेऊन त्याने फार मन लावून कोशिंबीर केली, आणि मीठ आयत्या वेळी घालायचे, आधी घातले तर पाणी सुटते, हे त्याचे त्यालाच उमगले.

स्वयंपाकात निवड करणे हे निम्मे काम असते. भाजी निवडणे, वास घेणे, चव पाहणे, जिन्नस बिघडला असेल तर तो टाकून देणे आणि जे उरले त्यात भागवणे, हे करता करता माणूस शिकतो. कंपनीच्या खेळात नेमके हेच गाळलेले असते. सगळे चिरून, मापून, रांगेत मांडून ठेवलेले असते आणि वाट्याला येते ते फक्त योग्य क्रमाने बोट लावणे.

कोणी म्हणेल की खेळात एवढे बारकावे आणता येत नाहीत. तसे मुळीच नाही. मॅकडोनाल्ड्सने जपानमध्ये २०१० च्या सुमारास आपल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी निंटेंडो डीएस या हातातल्या यंत्रावर चालणारा खेळ तयार करून घेतला होता. तो बाजारात विकायला नव्हता. स्वयंपाकघरातील प्रत्यक्ष कामाची रीत त्यात शिकवलेली होती. केएफसीने २०१७ मध्ये आभासी वास्तवाचा चष्मा लावून खेळायचा प्रशिक्षण-खेळ काढला. त्यात कोंबडीचे तुकडे तपासणे, धुणे, पिठात घोळवणे, जाळीवर मांडणे आणि दाबाखाली तळणे अशा पाच पायऱ्या होत्या. म्हणजे कंपनीला जेव्हा खरोखर शिकवायचे असते तेव्हा ती तपासण्यापासून सुरुवात करते. ज्याला पगार द्यायचा त्याला काम शिकवायचे आणि ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला फक्त मेन्यू शिकवायचा, हा फरक मला अतिशय बोलका वाटतो.

आणि ज्याला काहीच विकायचे नाही असा खेळ कसा असू शकतो, तेही सांगायला हवे. ‘वेन्बा’ हा खेळ २०२३ मध्ये कॅनडातील टोरांटो येथील एका छोट्या चमूने काढला. तमिळनाडूतून कॅनडात गेलेल्या एका जोडप्याची आणि त्यांच्या मुलाची ती कथा आहे. आईच्या पाककृतींची जुनी वही फाटलेली, डागाळलेली आहे, काही ओळी वाचताच येत नाहीत, आणि गाळलेली पायरी कोणती असेल ते खेळणाऱ्याने विचार करून ओळखायचे असते. सुरुवातीलाच इडल्या आहेत. इडलीपात्रातील ताटल्या एकावर एक कशा मांडायच्या, म्हणजे वाफ वरपर्यंत पोहोचेल, हे तिथे डोके लावून सोडवायचे कोडे आहे. ज्यांच्या घरात इडलीपात्र आहे त्यांना यातील खरेपणा लगेच पटेल. वाफ का पोहोचत नाही हे कळले की पदार्थ कळतो. या खेळात कोणत्याही पिठाच्या पाकिटाचे नाव नाही. आपल्याकडे पुरणपोळीचा, उकडीच्या मोदकाचा, भाकरी थापण्याचा असा खेळ मराठीतून कोणी करावा, असे मला मनापासून वाटते. मोदकाच्या पारीला कळ्या पाडताना उकड का फाटते, पुरण सैल का होते, भाकरी का फुगत नाही, यावर कितीतरी सुंदर कोडी होतील. माझा विरोध खेळाला नाही, पडद्यालाही नाही. खेळ म्हणून जाहिरात हाती देण्याला आहे.

आपल्या देशातील नियमांकडे वळते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांतील मुलांविषयीचा भाग चांगला आहे. मुलांचे अननुभवीपण आणि चटकन विश्वास ठेवण्याची वृत्ती यांचा जाहिरातीने फायदा घेऊ नये, मुले जे नैसर्गिक किंवा पारंपरिक अन्न खातात त्यापेक्षा आपला माल चांगला असा समज करून देऊ नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. चिप्स, कार्बनयुक्त शीतपेये आणि तत्सम पदार्थांची जाहिरात मुलांसाठीच्या कार्यक्रमात किंवा केवळ मुलांसाठी असलेल्या वाहिनीवर करू नये, अशीही तरतूद आहे. अडचण अशी की ‘कार्यक्रम’ आणि ‘वाहिनी’ हे शब्द दूरचित्रवाणीच्या काळातले आहेत. मूल आता वाहिनी लावून बसत नाही. खेळ हा कार्यक्रम आहे काय, अ‍ॅप ही वाहिनी आहे काय, या वादात कंपनीचा वकील वर्षानुवर्षे काढू शकेल. वास्तविक ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जाहिरातीची जी व्याख्या आहे तिच्यात इलेक्ट्रॉनिक माध्यम, इंटरनेट आणि संकेतस्थळ यांचा उल्लेख आहे, आणि त्यामुळे माझ्या समजुतीप्रमाणे असा खेळ आजही जाहिरातच ठरतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख आणि पुढे ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकारही प्राधिकरणाला आहे. उणीव आहे ती ‘खेळ’ हा शब्द नियमात नावानिशी घालण्याची.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ व साखर यांचे प्रमाण जास्त असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या परिसरात करता येत नाही. या नियमामुळे शाळेच्या दारात असे फलक लावता येत नाहीत, ही चांगली गोष्ट झाली. पण फाटकापासून मोजलेले ५० मीटर मुलाच्या हातातील पडद्याला लागू होत नाहीत. घरी जेवणाच्या ताटाशेजारी तोच फलक चालता-बोलता होऊन उभा असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध करताना देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे असल्याचा अंदाज दिला होता. हा आकडा पाहिल्यावर तरी हा विषय किरकोळ म्हणून बाजूला सारू नये.

आपल्या राज्याचा या विषयाशी संबंध नाही, असेही नाही. फेरेरो कंपनीचा कारखाना बारामतीत आहे आणि ‘किंडर जॉय’ हा मुलांच्या आवडीचा खाऊ तेथे तयार होतो. त्यासोबत मिळणाऱ्या खेळण्यावरून कंपनीच्या ‘अ‍ॅप्लेडू’ या अ‍ॅपमधील खेळ उघडता येतात. ते अ‍ॅप स्वयंपाकाचे नाही, मोफत आहे आणि त्याच्याविरुद्ध माझी तक्रारही नाही. खाऊचे वेष्टण आणि मोबाइलवरचा खेळ यांना जोडणारी वाट आपल्या गावांतल्या किराणा दुकानापर्यंत आलेली आहे, एवढेच त्यावरून दाखवायचे आहे.

‘पालकांनी लक्ष द्यावे’ हे उत्तर मला नेहमी ऐकायला मिळते. पालकांनी लक्ष द्यायलाच हवे. पण लक्ष कशावर द्यायचे हे त्यांना दिसले तर पाहिजे. दोन्ही पाळ्यांत कामाला जाणारे आईवडील सायंकाळी मुलाच्या खांद्यावरून डोकावतात तेव्हा त्यांना पडद्यावर कांदा चिरला जाताना दिसतो. त्यात आक्षेपार्ह काय आहे, असेच त्यांना वाटणार. आपले वृत्तपत्र पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असा शब्द छापते, म्हणून वाचक तो मजकूर वेगळ्या नजरेने वाचतो. तोच शब्द खेळाच्या पडद्यावर, खेळ चालू असेपर्यंत, मुलाला वाचता येईल एवढ्या अक्षरांत आणि त्याच्या भाषेत दिसत राहावा. अटी-शर्तींच्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेले कोणी वाचत नाही. ब्रिटनमध्ये जुलै २०१७ पासून चरबी, मीठ व साखर जास्त असलेल्या पदार्थांच्या सोळा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर ऑनलाइन माध्यमांतही बंदी आहे आणि तीत असे खेळही धरलेले आहेत. म्हणजे हे करता येण्यासारखे आहे.

त्याहून एक गोष्ट मला अधिक तातडीची वाटते. खेळात जिंकल्याबद्दल खाण्याचे कूपन किंवा कोड मुलांना देणे पूर्णपणे थांबले पाहिजे. शब्द लिहिल्याने मोठ्यांना सावध करता येईल, पण समोर बक्षीस दिसत असताना नऊ वर्षांचे मूल तो शब्द वाचणार नाही. तसेच अशा खेळातून मुलाचे नाव, वय, आवडीनिवडी गोळा केल्या जात असतील, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील नवव्या कलमाकडे लक्ष वेधावेसे वाटते. अठरा वर्षांखालील मुलांचा माग ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणे या दोन्हींना त्या कलमाने मनाई केलेली आहे. या कलमाची अंमलबजावणी होईल तेव्हा खाद्यपदार्थ कंपन्यांचे खेळ तपासणीच्या यादीत पहिल्या पानावर असावेत.

माझी विनंती तीन ठिकाणी आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ‘कार्यक्रम’ आणि ‘वाहिनी’ यांच्याबरोबर ‘खेळ आणि अ‍ॅप’ हे शब्द घालावेत. शाळांनी, विशेषतः स्नेहसंमेलनाच्या आणि आंतरशालेय स्पर्धांच्या दिवसांत, खाद्यपदार्थ कंपनीने प्रायोजित केलेली ‘डिजिटल पाककला स्पर्धा’ स्वीकारण्यापूर्वी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तो खेळ सर्वांसमोर एकदा खेळून पाहावा. आणि आपल्या वृत्तपत्राच्या बालपुरवणीत एखाद्या कंपनीच्या खेळाचा क्यूआर कोड छापला जाणार असेल, तर त्याच्या वरच नव्हे तर शेजारीही, कोडाइतक्याच आकारात, ‘जाहिरात’ हा शब्द छापावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक शिक्षिका, सांगली